टॅटूवाल्यांची भाषा: लायनर, ब्लोआउट, हॉलिडे म्हणजे नक्की काय?

पंचगंगाकाठी | सोमवार, रात्री ९.१२

नमस्कार मंडळी. शनिवारी राजारामपुरीत एका टॅटू स्टुडिओत चौकशीला गेलो होतो. माझ्या आजीच्या हातावर, मनगटाच्या आतल्या बाजूला, तुळस गोंदलेली आहे. खाली छोटं वृंदावन, मधे देठ, वर मंजिरीचे ठिपके. आजी आता चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. ती तुळस तशीच्या तशी मला माझ्या हातावर हवी आहे.

तिथला मुलगा बोलायला चांगला होता. पण तो म्हणाला, "हे फ्लॅशमध्ये नाही, कस्टम करू. फाइन लाइन, तीन आरएलने. मंजिरी डॉटवर्क. मनगटाला ब्लोआउट सांभाळायला लागतो. हॉलिडे राहिले तर टच-अप फुकट." मी मान डोलवत राहिलो. बाहेर आल्यावर वाईट वाटलं. जन्मभर अंगावर राहणाऱ्या गोष्टीबद्दल समोरचा बोलतोय आणि आपल्याला निम्मं कळत नाही, हे बरं नव्हे. पैसे भरायच्या आधी हे शब्द नीट समजून घ्यायचे आहेत. ज्यांना माहिती आहे त्यांनी साध्या मराठीत सांगा. यादीबाहेरचं काही असेल तर तेही.

नाद_खुळा_०९ | रात्री ९.२०

भावा, हॉलिडे म्हणजे त्या दिवशी स्टुडिओ बंद. एवढं मला पण माहीत आहे.

वडणगेकर | रात्री ९.३१

वाचतोय. माझाही पुढच्या महिन्यात विचार आहे. वाचनखूण साठवली.

सुईवाला | रात्री १०.०५

नऊ वर्षं हेच काम करतोय, त्यामुळे लांबलचक लिहितो.

फ्लॅश म्हणजे तयार डिझाइन. पूर्वी दुकानाच्या भिंतीवर पानंच्या पानं लावलेली असायची, गिऱ्हाइकानं बोट दाखवायचं आणि कारागिरानं तेच काढायचं. कस्टम म्हणजे फक्त तुमच्यासाठी काढलेलं. ट्रेसिंगशिवाय थेट कातडीवर पेनानं आखून काढतात त्याला फ्रीहँड म्हणतात.

आरएल म्हणजे राउंड लायनर. बारीक सुया गोलाकार जवळ जवळ जोडलेल्या असतात. आधीचा आकडा सुयांची संख्या सांगतो. तीन आरएल म्हणजे तीन सुयांचा झुबका, म्हणजे बारीक रेघ. सात आरएलची रेघ ठसठशीत येते. छटा भरायच्या सुया म्हणजे शेडर. ते गोल असतात तसे सपाट, रुंदही असतात. त्या रुंदांना मॅग्नम म्हणतात. भरणीचं काम त्यांचं.

ब्लोआउट नीट समजून घ्या. कातडीचा वरचा थर साधारण महिन्याभरात बदलत असतो, तिथं शाई टाकली तर ती टिकत नाही. शाई त्याच्या खालच्या थरात जायला हवी, म्हणजे वरून एक ते दोन मिलिमीटर. तिथं शरीरातल्या पेशी रंगाचे कण गिळून धरून ठेवतात, म्हणून टॅटू जन्मभर राहतो. सुई त्याच्याही खाली चरबीत गेली की शाई पसरते आणि रेघेभोवती निळसर सावली दिसते. टीपकागदावर शाईचा थेंब पडल्यावर दिसतो तसं. तो ब्लोआउट. मनगट, घोटा, कोपराची आतली बाजू इथं कातडी पातळ, त्यामुळे हात हलका लागतो. त्या मुलानं ते आधीच सांगितलं ही चांगली खूण आहे.

हॉलिडे म्हणजे भरणीत किंवा रेघेत राहिलेली मोकळी जागा. घर रंगवताना भिंतीवर एखादा पट्टा सुटतो ना, तेच. टॅटू बरा झाल्यावरच तो नीट दिसतो. मग त्या जागी परत काम करायचं, तो टच-अप. किमान महिना थांबून.

आणि एक विनंती. मशीनला 'गन' म्हणू नका. या धंद्यातल्या बहुतेकांना तो शब्द आवडत नाही.

नाद_खुळा_०९ | रात्री १०.११

म्हणजे माझा हॉलिडे साफ चुकला. पण गन म्हटलं तर काय बिघडतं? सगळे म्हणतात.

सुईवाला | रात्री १०.२४

गन माणसाला इजा करायला असते, आम्ही हातानं चित्र काढतो. दुसरं कारण व्यवहाराचं. कान टोचायची गन वेगळी असते आणि आमचं यंत्र वेगळं. यंत्राचे दोन जुने प्रकार: कॉइल आणि रोटरी. कॉइलमध्ये विद्युतचुंबकानं पट्टी वरखाली होते, म्हणून तो घर्र आवाज. रोटरीत छोटी मोटर, आवाज कमी. हल्ली जाड पेनासारखी दिसतात ती बहुतेक रोटरीच. न्यूयॉर्कच्या सॅम्युअल ओ'रायलीनं १८९१ मध्ये विजेच्या टॅटू मशीनचं पेटंट घेतलं. मूळ कल्पना एडिसनच्या विजेच्या लेखणीची, जी कागदाला भोकं पाडून नकला काढायला केली होती.

माई_गडहिंग्लज | मंगळवार, सकाळी ६.५०

पंचगंगाकाठी, तुमच्या आजींच्या तुळशीबद्दल वाचून बरं वाटलं. माझ्या हनुवटीवर तीन ठिपके आहेत आणि हातावर सीतेची पावलं. मी नऊ-दहा वर्षांची असताना गावच्या जत्रेत गोंदणारीण आली होती. तीन-चार सुया दोऱ्यानं घट्ट बांधलेल्या. दिव्याच्या काजळीत पाल्याचा रस कालवून नारळाच्या करवंटीत काळं ठेवलेलं. हात मांडीवर दाबून धरायची आणि गाणं म्हणायची, म्हणजे पोरगी रडली तरी गाण्यात विरून जावं. वरून हळद चोपडली. आई म्हणाली होती, दागिने इथंच राहतात, गोंदण तेवढं बरोबर येतं.

तुमच्या त्या भाषेत याला काय म्हणतात?

सुईवाला | सकाळी ८.१५

माई, याला हँड पोक म्हणतात. यंत्राशिवाय, हातानं एकेक ठिपका. परदेशात आता लोक मुद्दाम शोधून हे करून घेतात. 'टॅटू' हा शब्दसुद्धा तिकडचा नाही, पॅसिफिकमधल्या बेटांवरचा 'तातौ'. कॅप्टन कुकचं जहाज १७६९ मध्ये ताहितीला गेलं, त्यानंतर तो इंग्रजीत आला. आपल्याकडे गोंदणं हा शब्द होताच. माझ्या स्टुडिओत येणाऱ्या पोरांना मी सांगत असतो, तुमच्या आजीकडं बघा, पहिलं डॉटवर्क, म्हणजे ठिपक्यांचं काम, तिच्या हातावर आहे.

पन्हाळ्याची_वाट | सकाळी ९.०२

पण माई, एक सुई किती जणींना? आमच्या गावात एकाच बैठकीत दहा बायकांचं व्हायचं. आठवणींचा आदर ठेवून सांगते, ते परत नको.

माई_गडहिंग्लज | सकाळी ९.४०

खरं आहे. सुई तीच असायची, फडक्याला पुसून पुढची बाई. तेव्हा कुणाला कळत नव्हतं.

त्वचेचा_डॉक्टर | सकाळी ११.३०

हाच मुद्दा आजही जिवंत आहे. जत्रेत रस्त्याकडेला बॅटरीवरचं यंत्र घेऊन बसतात, तिथं सुई आणि शाईची वाटी दोन्ही सगळ्यांना एकच. हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, एचआयव्ही, तिन्ही रक्तातून जातात. म्हणून आणखी दोन शब्द पाठ करा. कार्ट्रिज म्हणजे एकदाच वापरायची, सीलबंद पाकिटातली सुई. ती तुमच्यासमोर फोडायला सांगा, कुठलाही चांगला कारागीर यावर रागावत नाही. ऑटोक्लेव्ह म्हणजे वाफेच्या दाबाचं निर्जंतुकीकरण, १२१ अंश सेल्सिअसला किमान पंधरा मिनिटं. परत वापरायचा धातूचा भाग असेल तर तो यातूनच निघायला हवा. गरम पाण्यात बुडवून काढणं किंवा स्पिरिटनं पुसणं याची जागा घेत नाही.

शाईसुद्धा बाटलीतून तुमच्यापुरती छोट्या टोपणात ओतलेली हवी आणि उरलेली फेकलेली. सुईपेक्षा लोक हे जास्त विसरतात.

वडणगेकर | दुपारी १२.१०

घरी येऊन करून देणारे पण आहेत. ऑनलाइन मशीन घेतलेलं, अर्ध्या किमतीत. त्यांचं काय?

सुईवाला | दुपारी १२.३२

त्यांना आमच्यात स्क्रॅचर म्हणतात. शिकल्याशिवाय कातडी खरवडणारा. अप्रेंटिस वेगळा. तो गुरूच्या हाताखाली आधी नकली कातडीवर, फळांच्या सालीवर महिनोन् महिने रेघा मारतो. दोघंही नवीनच, पण एकाच्या मागं बघणारं कुणीतरी असतं.

लाल_माती | दुपारी २.१८

माझा अनुभव. दंडावर ट्रायबल काढला, म्हणजे जाड काळ्या धारदार पट्ट्यांची नक्षी. चौथ्या दिवशी तालमीत उतरलो. वस्ताद नको म्हणत होते, पण मला वाटलं मातीत हळद, ताक, तेल, कापूर सगळं असतं, उलट लवकर बरं होईल. सहाव्या दिवशी दंड लाल, गरम, पिवळं पाणी. दहा दिवस गोळ्या आणि पट्टीचा एक तुकडा कायमचा फिकट झाला. तिथं खपली निघताना शाईही गेली. पोरांना आता मीच सांगतो, टॅटू काढलास तर तीन आठवडे आखाडा बंद.

त्वचेचा_डॉक्टर | दुपारी ३.०५

लाल_माती यांनी लिहिलं ते चांगलं केलं. ताजा टॅटू म्हणजे हजारो भोकांची जखम. मातीत हळद असली तरी घाम आणि दहा जणांच्या अंगाचे जंतूही असतात. तोच नियम पोहण्याला. रंकाळा, पंचगंगा, विहीर, जलतरण तलाव, काही नको. अंघोळीचं वाहतं पाणी चालतं, बुडवून ठेवणं नाही. आणि जोतिबाच्या यात्रेला जाणार असाल तर गुलाल आठवा. बरा न झालेला टॅटू घेऊन सासनकाठीखाली उभं राहू नका.

नाद_खुळा_०९ | दुपारी ३.१५

जोतिबाच्या नावानं चांगभलं! डॉक्टर, रिकाम्या पोटी जावं की जेवून?

त्वचेचा_डॉक्टर | दुपारी ३.२२

जेवून. रिकाम्या पोटी चक्कर येते. पांढरा रस्सा चालेल, आदल्या रात्रीची दारू नको. रक्त जास्त येतं.

भरतीवाला_कागल | सायंकाळी ५.४५

भरतीच्या पोरांसाठी महत्त्वाचं. आम्ही रोज पहाटे विद्यापीठाच्या रस्त्यावर पळतो. आमच्यातला एक जण पळण्यात, लेखीत सगळ्यात पुढं, पण मेडिकलला दंडावरच्या टॅटूमुळे बाहेर. सैन्यात कायमचा टॅटू फक्त कोपरापासून मनगटापर्यंत हाताच्या आतल्या बाजूला आणि तळहाताच्या मागं चालतो. आदिवासी समाजाला परंपरेनुसार सवलत आहे. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत आणखी अट आहे: आतल्या बाजूचा असेल तर डाव्या हातावर, कारण सलाम उजव्या हातानं करतात, आणि आकार त्या भागाच्या पाव हिश्शापेक्षा कमी. अर्ज भरायच्या आधी त्या वर्षीची जाहिरात वाचा.

सुईवाला | सायंकाळी ६.०३

याच्याशी जोडलेला शब्द आहे जॉब स्टॉपर. मान, चेहरा, पंजा, जिथला टॅटू शर्टाखाली झाकत नाही आणि नोकरी अडवू शकतो. माझ्याकडं अठरा-एकोणीसचा मुलगा पहिलाच टॅटू मानेवर मागतो तेव्हा मी त्याला परत पाठवतो. अठराच्या खालच्यांना तर कुठंच नाही.

जयसिंगपूरची_मंजू | सायंकाळी ६.४०

स्लॅंगचा विषय आहे तर एका शब्दाबद्दल स्पष्ट बोलते. कमरेवर, पाठीच्या खालच्या बाजूला काढलेल्या टॅटूला इंग्रजीत 'ट्रॅम्प स्टॅम्प' म्हणतात. माझ्या तिथं कमळ आहे. बाळंतपणानंतर काढलेलं, माझ्यासाठी. हा शब्द बाईच्या चारित्र्यावर बोट ठेवतो. पुरुषाच्या पाठीवरच्या टॅटूला असलं नाव नाही. अर्थ माहीत असू द्या म्हणजे कुणी वापरला तर कळेल. आपण वापरू नये.

सुईवाला | सायंकाळी ६.५२

सहमत. आमच्याकडं आम्ही 'लोअर बॅक' एवढंच म्हणतो.

पन्हाळ्याची_वाट | सायंकाळी ७.१०

+१ मंजू.

अक्षरवेडा | रात्री ८.३०

मी पाट्या आणि पत्रिका रंगवतो. देवनागरी टॅटूबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. याला लेटरिंग म्हणतात, आणि आपल्या लिपीत ते रोमनपेक्षा अवघड आहे.

आमच्या गल्लीतल्या पोरानं छातीवर राजमुद्रा काढून घेतली. अष्टकोनी चौकट, आत सगळा श्लोक. अनुष्टुभ छंद, ३२ अक्षरं, त्यात 'च्चं', 'ष्णु', 'र्वि', 'श्व', 'स्यै', 'द्रा' अशी जोडाक्षरं. हे सगळं त्यानं दोन इंचात बसवलं. काढली तेव्हा सुंदर दिसली. पण शाई कातडीत वर्षानुवर्षं किंचित पसरतेच, हे कुणाच्या हाती नाही. 'भ' आणि 'म' मध्ये फरक काय? डोक्यावरच्या रेघेतली फट आणि छोटी गाठ. 'ध' आणि 'घ' चं तेच. ती फट अर्ध्या मिलिमीटरची असेल तर काही वर्षांत मिटते. आज त्याच्या छातीवर 'भद्राय'चं 'मद्राय' आणि 'वर्धिष्णु'चं 'वर्घिष्णु' वाचायला येतं. महाराजांची मुद्रा आहे, बघून जीव तुटतो. तळहाताएवढी तरी काढा, नाहीतर एकच शब्द घ्या.

दुसरं, शुद्धलेखन. 'आशीर्वाद'चा 'आर्शिवाद' मी तीन हातांवर पाहिलाय. रफार 'वा'वर येतो आणि 'शी' दीर्घ. संगणकात फॉन्ट बदलला की जोडाक्षरं फुटतात, 'श्री'चा पाय मोडलेला 'श्' वेगळा आणि 'री' वेगळी पडते. म्हणून स्टेन्सिल लागल्यावर एकेक अक्षर मोठ्यानं वाचा आणि बरोबर आणलेल्या माणसालाही वाचायला लावा.

वडणगेकर | रात्री ८.४४

स्टेन्सिल म्हणजे?

अक्षरवेडा | रात्री ८.५१

डिझाइन खास कागदावर उमटवून ते कातडीवर दाबतात, जांभळ्या रेघा उठतात. सुई लागायच्या आधी चूक पुसण्याची ही शेवटची संधी.

सुईवाला | रात्री ९.१५

अक्षरवेडा, तुमचा प्रतिसाद मी छापून भिंतीला लावणार आहे. भर म्हणून: चुकलेल्यावर दुसरं डिझाइन काढून झाकतात तो कव्हर-अप. तो आधीच्यापेक्षा मोठा आणि गडद करावा लागतो, कारण काळ्यावर पांढरं चढत नाही. पुसायचंच असेल तर लेसर, त्याला त्वचारोगतज्ज्ञाकडं जायचं. काळा रंग तुलनेनं लवकर जातो, हिरवा-पिवळा हट्टी. बऱ्याच बैठका, दोन बैठकींमध्ये सहा ते आठ आठवडे.

रंकाळा_संध्याकाळ | रात्री ९.५०

थोडं अवांतर. शिवजयंतीच्या रक्तदान शिबिरातून मला परत पाठवलं, कारण चार महिन्यांपूर्वी टॅटू काढला होता. वर्षभर थांबायला सांगितलं. नियमित रक्त देणाऱ्यांनी आधी देऊन मग टॅटू काढावा.

दुसरं, माझा टॅटू पावलावर आहे आणि कोल्हापुरी चपलेचा पट्टा बरोबर त्याच्यावर घासतो. सहा महिन्यांत रेघ फिकट. कापशी चप्पल घालणाऱ्यांनी जागा बघून निवडा.

नाद_खुळा_०९ | रात्री १०.०२

पंचगंगाकाठी भावा, अख्खा दिवस झाला, तू कुठं गायब? धागा टाकून पळालास काय लगा?

पंचगंगाकाठी | रात्री १०.२०

पळालो नाही, सगळं वहीत लिहून घेत होतो. आणि दादा, मी मुलगी आहे.

नाद_खुळा_०९ | रात्री १०.२१

ऑं? 'गेलो होतो' लिहिलंय की!

माई_गडहिंग्लज | रात्री १०.३०

अरे बाळा, आपल्याकडच्या पोरी आलो-गेलोच म्हणतात. मी अजून म्हणतो.

नाद_खुळा_०९ | रात्री १०.३३

चूक कबूल, ताई.

पंचगंगाकाठी | पुढच्या सोमवारी, रात्री ८.०५

मंडळी, झाला. सगळ्यांचे मनापासून आभार, आणि काय घडलं ते लिहितो.

जायच्या आधी आजीचा हात खिडकीत धरून फोटो काढला. तिची कातडी सैल, रेघा हिरवट झालेल्या, त्यामुळे वृंदावनाची खालची पायरी फोटोत नीट येईना. मग तिनंच वहीवर काढून दाखवली. हात थरथरत होता पण पायऱ्या बरोबर तीन.

स्टुडिओत कार्ट्रिज माझ्यासमोर फोडायला लावली. शाई टोपणात ओतली तेही बघितलं. तीन आरएल म्हटल्यावर मी विचारलं, "एवढी बारीक रेघ दहा वर्षांनी राहील का?" तो थांबला. मग म्हणाला, देठाला पाच घेऊ, मंजिरी तीननं. हे त्यानं आधी सुचवलं नव्हतं. स्टेन्सिल दोनदा पुसून परत लावलं, कारण मूठ वळली की वृंदावन तिरकं होत होतं. ब्लोआउट नाही. दुखलं, मनगटाच्या शिरेजवळ जास्त.

घरी आल्यावर पारदर्शक पट्टीवरूनच आजीला दाखवला. तिनं चष्मा लावून, आपला हात माझ्या हाताशेजारी ठेवून मंजिरीचे ठिपके मोजले. तिचे अकरा, माझे दहा. टोकाचा एक नाही.

सुईवाला दादा, हा हॉलिडे म्हणायचा का?

सुईवाला | रात्री ८.२७

नाही. हॉलिडे म्हणजे स्टेन्सिलवर होतं पण शाई भरली नाही ते. तुमचा ठिपका फोटोवरून रेखाटतानाच सुटला. पण काम तेवढंच आहे. महिनाभर थांबा, खपली काढू नका, मग टच-अपला जा. जाताना आजींना बरोबर न्या.

पंचगंगाकाठी | रात्री ८.४०

नेतो. आजी विचारते आहे, तो अकरावा ठिपका यंत्राशिवाय, हातानं टोचून मिळेल का?

सुईवाला | रात्री ८.४४

मिळेल. तुमच्या कारागिराला जमत नसेल तर माझ्याकडं या. सुई नवी, सीलबंद. गाणं मात्र आजींनी म्हणायचं.